फडताळातलं पाकीट

औषधाच्या पाकिटाची सळसळ ऐकली की कुरुळीतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. मला पाचवा महिना होता. नैराश्याच्या गोळ्या डॉक्टरांनी चालूच ठेवल्या होत्या; बाळाला काही होईल का, ही धास्ती मलाही होतीच. गोळी घेताना सासूबाई माझ्या हाताकडे टक लावून बघायच्या. एका सकाळी फडताळातलं पाकीट गायब झालं आणि सासूबाईही घरात नव्हत्या. त्यांनीच ते फेकलं, याची मला खात्री पटली. दुपारी त्या घामाघूम होऊन आल्या आणि पाकीट माझ्या हातात देत म्हणाल्या, "डॉक्टरीनबाईला इचारून आले. थोडा धोका हाय म्हनल्या, पन आपल्या मनानं बंद केल्या तर जास्ती. घे." त्यांची नात आता शाळेत जाते; त्या सकाळी मी काय समजले होते, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.