धाकट्याचा ठणका

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात आमच्या घरी मधुमेहाचे दोन रोगी होते: मी आणि माझा धाकटा भाऊ. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून, तो शेती बघायचा. माझा आजार बारा वर्षांचा, त्याचा दोन. रोज सकाळी मी काचेच्या नळीत निळं औषध तापवून लघवी तपासायचो. रंग निळाच राहायचा, म्हणजे साखर नाही. धाकट्यानं कधी तपासलीच तर विटकरी. तरी लग्नात तो जिलेबीच्या ताटापासून हलायचा नाही.

"दादा, एक खा की. तुझ्या नळीला न्हाई सांगत मी," असं म्हणायचा आणि पंगत हसायची.

नवरात्रात आम्ही दोघं अनवाणी राहायचो, वडिलांपासूनची रीत. त्या वर्षी देवीला जाताना बांधावर बाभळीची फांदी पडली होती. दोघांचेही पाय तिच्यावर पडले. धाकटा "आई गं!" म्हणून खालीच बसला. मी पुढे चालत राहिलो, मला काही लागलं नाही असं समजून. एवढ्याशा काट्याला हा ओरडतो, याचं हसूही आलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, फरशीवर रक्त कुणाचं? पाय दाखवा बघू."

माझ्या अंगठ्याखाली काटा मोडून रुतला होता.

धाकटा पाय उशीवर घेऊन पडून राहिला. "लई ठणकतंय गं," असं गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडायचा आणि भावजय जागेवर चहा द्यायची. मला दुखतच नव्हतं. गाळप हंगाम तोंडावर आला होता. पट्टी बांधून, बूट चढवून मी रोज कामावर गेलो.

दिवाळीला त्याची खपली पडली, खाली गुलाबी कातडी. माझा अंगठा काळवंडला होता. मी रोज त्याचा पाय ओढून बघायचो.

"काय बघतो दादा? अंगठाच हाय, सोन्याचा न्हाई."

मला तो सोन्याचाच वाटायचा. पथ्य मी पाळलं आणि कातडी याला आली, हे मला कोणत्याच हिशेबात बसवता येईना.

नगरला डॉक्टरांनी माझ्या पावलावरची नाडी बराच वेळ चाचपली. अंगठा वाचेल का, हे विचारायच्या आधी मी दोघांची सगळी हकीकत सांगून विचारलं, "भावाची जखम भरली, माझी का नाही?"

"तुमच्याकडे ऊस आहे ना? तोडल्यावर बुडख्यातले डोळे फुटून पुन्हा ऊस येतो, खोडवा. हाडांच्या मज्जेत तशाच मूळ पेशी असतात. त्यातल्या काही रक्तात उतरून रक्तवाहिन्यांची डागडुजी करतात, असं आता संशोधक म्हणू लागलेत. मधुमेह मुरला की हे काम मंदावत असावं."

"त्या वाढवायचं औषध?"

"अजून नाही."

"पण माझी लघवी निळी असते."

"म्हणजे साखर लघवीत उतरत नाही, एवढंच. रक्तात भरपूर आहे. शिवाय त्याला दुखलं म्हणून तो निजला. तुमच्या पायाच्या नसा बधिर झाल्यात. तुम्ही जखमेवर चाललात."

अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं.

पुढच्या नवरात्रात आम्ही दोघांनीही चपला घातल्या. "देवीनं तुझा अंगठा घेतलाय, आता माझ्या चपला चालत्याल तिला," असं म्हणून धाकट्यानं रीत मोडली. बांधाजवळ तो एकदम एका पायावर नाचू लागला.

"खडा गेला रं चपलीत!"

चप्पल झटकून तो शिव्या देत पुढे निघाला. मी थांबलो, वाकलो आणि माझी चप्पल काढून पाहिली. तिच्यातही खडा होता, त्याच्या खड्यापेक्षा मोठा. पुढे चाललेल्या धाकट्याच्या पावलांकडे मी कितीतरी वेळ बघत राहिलो.