न दिसलेलं बटण

"आधी मोबाईलचा विचार करा" हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा म्हटलंय, की कुणी झोपेतून उठवलं तरी तेच म्हणेन. मी मार्केटिंगमध्ये आहे. २०२० साली आयर्लंडमधल्या स्लायगो गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप आणि त्याला जोडलेला भलामोठा स्क्रीन मांडून मी डब्लिनच्या आमच्या कंपनीच्या क्लायंट्सना शिकवत बसायचे. लोक आता फोनवरच बघतात, फोनवरच ठरवतात, चार सेकंदांत तुमचं पान उघडलं नाही तर निघून जातात. मग चढता आलेख दाखवायचा. पलीकडे सगळे माना डोलवायचे आणि मला माझं फार कौतुक वाटायचं.

घरात आम्ही चौघं. नवरा इथल्या हॉस्पिटलात, मुलगी पाच वर्षांची, आणि नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, ज्या विमानं बंद झाल्यामुळे वर्ष उलटलं तरी इथेच होत्या. त्यांच्याकडे नवऱ्याचा जुना फोन होता. आपल्याकडे हे असंच असतं ना, मुलाने नवा घेतला की जुना आईकडे. त्यांनी त्यावरची अक्षरं एवढी मोठी करून ठेवली होती, की एका वेळी दोन ओळी मावायच्या. मी चिडवायचे, "आई, तुमचा मेसेज समोरच्या घरातल्यांना पण वाचता येतोय." त्या म्हणायच्या, "वाचू दे वं, माह्यं काय चोरीचं हाय?"

गावात लहान मुलांच्या बुटांचं एक दुकान होतं. मालकीण साठीच्या पुढची. मूल स्टुलावर बसवायची, स्वतः गुडघे टेकून खाली बसायची, पाय मोजायची आणि बूट घातल्यावर अंगठ्याने पुढे चाचपून किती जागा उरली ते सांगायची. माझ्या मुलीचे शाळेचे पहिले बूट तिनेच दिले. तिथे गेलं की बहुतेक वेळा आज्याच दिसायच्या, नातवंडांना घेऊन आलेल्या. आया कामावर असणार, दुसरं काय.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद झालं, मध्येच उघडलं, परत बंद झालं. २०२१च्या वसंतात आधी वेळ ठरवून एकेका मुलाला आत घ्यायची मुभा मिळाली. बाई दारातच भेटली, रडकुंडीला आलेली. पाय मोजू की फोन उचलू, म्हणाली. दुकानाच्या जागेच्या मालकाला जागा ठेवणार की सोडणार ते कळवायचं होतं, आणि हे दोन महिने गिऱ्हाईक आलं तरच ती ठेवणार होती. मी म्हटलं, अहो एवढंच ना? मी करते वेबसाईट. फुकट करते.

आणि केली की! हौसेने केली. निळ्या रंगाची, वर लहान मुलांच्या पायांचे फोटो, खाली "वेळ ठरवा" असं बटण. दुकानाच्या फोनवर मी तिच्याच आवाजात निरोप रेकॉर्ड करायला लावला, की वेळ ठरवायला कृपया वेबसाईटवर जा. ती कुरकुरली. तिच्या बायकांना बोलायची सवय आहे, म्हणाली. मी म्हटलं, आता सगळे मोबाईलवरच करतात, तुम्ही बघाच. माझ्या स्क्रीनवर पान झकास दिसत होतं. माझ्या नव्याकोऱ्या फोनवरही झकास.

सासूबाईंना मी मुद्दाम बघायला सांगितलं नव्हतं, त्यांनीच आपण होऊन उघडलं. सोफ्यावरून म्हणाल्या, "अवं, इथं वेळ ठरवायचं काईच नाही दिसून राह्यलं." मी मीटिंगमध्ये होते. "आई, तुमचा फोन जुना आहे," म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाल्या, "म्या बोट घासून घासून पाह्यलं, पुढं सरकतच नाही बाप्पा." यावर मी काय म्हटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. म्हटलं, "तुम्ही नका त्यात पडू, ते तुमच्यासाठी नाहीये." त्यांनी फोन उपडा ठेवून दिला.

पहिल्या महिन्यात वेळा अगदी मोजक्या ठरल्या. मी वेबसाईटच्या भेटींचा रिपोर्ट उघडून बसले. लोक येत होते, जवळजवळ सगळे फोनवरूनच. पानावर बराच वेळ थांबत होते. गेलेले परत येत होते, काही तर दिवसातून तीनदा. आमच्या धंद्यात याला आवड म्हणतात. मीही तेच म्हटलं. बाईला समजावलं, लोकांना पान आवडतंय, पण बघून जातात. सवयी बदलल्यात, आता मोठ्या कंपन्यांकडून घरपोच मागवतात, तुमच्यात काही खोट नाही. वर इतक्या हळुवारपणे सांगितलं, की माझं मलाच बरं वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना मी नको आहे." मी म्हटलं, तसं नाही. पण दुसरं काही सांगितलंही नाही.

मे महिन्यात एका दुपारी शाळेच्या फाटकाशी उभी होते. माझा फोन बंद पडलेला म्हणून सासूबाईंचा घेऊन आले होते. वेळ जात नव्हता, सहज त्या दुकानाचं पान उघडलं.  कुठलीही वेबसाईट उघडली की येते ती कुकीजची परवानगी मागणारी पट्टी, जी माझ्या फोनवर तळाशी बोटभर होती, ती त्या मोठ्या अक्षरांमुळे फुगून पूर्ण पानावर पसरली होती. "वेळ ठरवा" तिच्याखाली गाडलेलं. पट्टी बंद करायची खूण स्क्रीनच्या बाहेर गेलेली. घासा किती घासायचं ते.

तेव्हा कळलं लोक इतका वेळ तिथे काय करत होते ते. कसली आवड नि कसलं काय! बिचाऱ्या चष्मे लावून बटण शोधत होत्या. आणि घरातली जी एकटी बाई मला हे खरंखुरं सांगत होती, तिला मी गप्प केलं होतं.

घरी येऊन अर्ध्या तासात ते दुरुस्त केलं. अर्धा तास! त्याच आठवड्यात वेळा ठरायला लागल्या, अगदी ऑगस्टपर्यंतच्या, शाळा सुरू होण्याआधीच्या. खरं तर तेव्हाच दुकानात जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेले. सांगायचं म्हणजे चूक माझी हे सांगणं आलं. मनाशी म्हटलं, आकडे वाढताना तिला दिसतीलच, मग आपोआप सगळं ठीक होईल. मी भित्री नाही असं मला तोवर वाटत होतं.

तीन आठवड्यांनी गेले. बाई बूट खोक्यांत भरत होती. मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. पट्टी, बटण, मोठी अक्षरं, सगळं. तिने हातातलं खोकं खाली ठेवलं. "म्हणजे त्या येत होत्या?" तिने विचारलं. "येत होत्या. पुन्हा पुन्हा येत होत्या," मी म्हटलं. तिचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं, चला, निदान हे तरी आपल्या हातून बरं झालं.

मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "तीन आठवडे झाले," म्हटलं.

लोक नुसते बघून जातात असं मीच सांगितलेलं, म्हणून या नव्या वेळाही टिकायच्या नाहीत असं धरून जागा सोडतेय असं तिने दहा दिवसांपूर्वी लिहून दिलं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी ती घेतलीही होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. गल्ल्यामागे गेली, ठरलेल्या वेळांची यादी काढली आणि माझ्या हातात दिली. "आता वेबसाईटवर काही लिहू नकोस," म्हणाली. "या सगळ्यांना तू फोन कर. बोल त्यांच्याशी."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. "आई, तुमचं खरं होतं. माझं चुकलं."  त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि मी फोन लावत गेले तशी यादीतली नावं बोटाने धरून ठेवत गेल्या. सगळ्या आज्याच. कुणी नुसतं अरेरे म्हटलं, कुणी बाईच्या तब्येतीची चौकशी केली. मी प्रत्येकीला सांगत होते, दुकान बंद होतंय, माफ करा.

शेवटून दुसऱ्या आजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, जुळ्या नातवांसाठी तिने मार्चपासून किती वेळा प्रयत्न केला होता, आत्ता कुठे वेळ मिळाली होती. ते पान उघडायचं आणि पुढे जाऊच द्यायचं नाही. दुकानाला फोन केला तर तो निरोप. "मला वाटलं," ती म्हणाली, "तिलाच आता आम्ही नको आहोत."

मी म्हटलं, "नाही हो. ती तुमचीच वाट बघत होती." तिने फोन ठेवला. सासूबाईंनी बोट शेवटच्या नावावर नेलं.