दारं काढून नेली त्याची गोष्ट

बायकांच्या संडासांची दारं महापालिकेची माणसं काढून नेत होती, तेव्हा आम्ही कुणी त्यांना अडवलं नाही. दारं खालून सडलेलीच होती. "दुरुस्तीला नेतोय, आठवड्यात बसवून देतो," असं मुकादम म्हणाला. आमच्या शेजारच्या मावशींनी तर त्या माणसांना चहा पाजला. पुढे कित्येक महिने मावशी त्या चहावरून स्वतःलाच शिव्या घालत होत्या.

आमची वस्ती टेकडीच्या उतारावर आहे. घर एका खोलीचं, राहणारे आई आणि मी. आई सोसायट्यांमध्ये पोळ्यांची कामं करते, मी हडपसरला एका कंपनीत नोकरी करते. घरात फ्रिज आहे, टीव्ही आहे. संडास नाही, कारण ड्रेनेजची लाइन उताराच्या खालीच थांबलेली आहे. त्यामुळे सगळ्या वस्तीला सामायिक संडास, आणि त्या दिवसापासून बायकांच्या बाजूला दारंही उरली नव्हती.

बायकांनी आपापली सोय लावली. दोघी-दोघींनी जायचं. एक आत, दुसरी बाहेर चादर धरून उभी, आतलीकडे पाठ करून. समोरून जाण्यायेण्याचा रस्ता. तिथे टवाळ पोरं मोबाइल बघत असल्याचं सोंग करून रेंगाळायची. मी घरून तशीच निघायचे आणि ऑफिसात गेल्यावर मोकळी व्हायचे. टीममधल्या मुलींना सोमवार नको वाटायचा, मला रविवार.

आईला तीही सोय नव्हती. ज्या घरांत ती पोळ्या लाटते तिथले संडास तिला वापरू देत नाहीत. एका काकूंनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुमचं ते घरी उरकून येत जा." तेव्हा आईनं आपल्या परीनं उपाय काढला. ती पाणीच पिईनाशी झाली. सकाळी चहाबरोबर दोन घोट, मग काम संपवून घरी येईपर्यंत काही नाही. तेही ऐन उन्हाळ्यात, पेटलेल्या गॅससमोर उभं राहून.

एक दिवस ती कामावरून लवकर परत आली आणि भिंतीला टेकून बसली. अंगात ताप, ओटीपोटात कळा. मी तिला खालच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, "लघवीचं इन्फेक्शन आहे. गोळ्या देते, पण मुख्य औषध म्हणजे पाणी. भरपूर प्यायचं आणि लघवी अजिबात रोखून धरायची नाही. जमेल ना?"

आई म्हणाली, "पाणी पिईन हो. पण मग जाऊ कुठं?"

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या पुन्हा लिहायला लागल्या.

त्या रागातच मी महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली. बिनदाराच्या संडासांचे फोटो जोडले. दोन दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे. सोबत निळ्या दारांच्या, नव्याकोऱ्या संडासांचा फोटो होता. तो आमच्या वस्तीतला नव्हताच. मी पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तीच निळी दारं. शेवटी क्षेत्रीय कार्यालयात फोन लावला.

"मॅडम, तुमची तक्रार बंद झालेली दिसतेय," पलीकडचा माणूस म्हणाला.

"तक्रार बंद झालीय, संडास उघडेच आहेत."

"मग नवीन तक्रार टाका ना."

विनोद करतोय की काय असं वाटलं. पण नाही, तो मनापासून सुचवत होता.

मी हे मावशींना सांगितलं. मावशी भाजी विकतात, त्यांना वाट बघायची सवय नाही. त्यांनी दोन दिवसांत वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बायका गोळा केल्या आणि सोमवारी सकाळी आम्ही बाराजणी क्षेत्रीय कार्यालयात गेलो. मी रजा टाकली होती. आईचा ताप उतरला होता. तिला घरी थांब म्हटलं तर ऐकेना.

साहेब मीटिंगमध्ये होते. आम्ही बाकावर बसलो. दुपार झाली तरी मीटिंग संपेना. मग आई उठली आणि शिपायाला म्हणाली, "दादा, संडास कुठं आहे?"

"पब्लिकसाठी नाहीये, ताई. तो स्टाफचा आहे."

"मला डॉक्टरनी धरून ठेवायचं नाही म्हणून सांगितलंय."

शिपाई गोंधळला आणि आतून किल्ली घेऊन आला. आई गेली. ती आल्यावर मावशी गेल्या. मग तिसरी, मग चौथी. ठरवलेलं काही नव्हतं, पण बघता बघता कॉरिडॉरमध्ये रांग लागली. प्रत्येक बाई निवांत, आतून कडी लावून बसत होती. स्टाफमधल्या एक बाई घाईघाईनं आल्या आणि रांग बघून थबकल्या.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"लागेल थोडा," मावशी म्हणाल्या. "कडीचं दार फार दिवसांनी मिळालंय."

साहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुणाला तरी फोन केला आणि म्हणाले, "आपण परवापर्यंत दारं बसवून देऊ." आणि खरंच बसवली. पत्र्याची, निळी. त्यांच्या कड्या मात्र बाहेरून होत्या. बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आम्हाला दारांची ऑर्डर होती. आतल्या कड्या त्यात नव्हत्या." मावशींच्या जावयानं दुसऱ्या दिवशी आतून कड्या ठोकून दिल्या.

पुढचे काही महिने बरे गेले. आई कामाला जाताना पाण्याची बाटली नेऊ लागली. काकूंच्या घरचं काम तिनं सोडलं. दुसऱ्या एका घरच्या बाईंना, आईला संडास वापरू द्याल का, असं मी स्वतः जाऊन विचारलं. त्या "अहो, त्यात काय विचारायचं" म्हणाल्या. मला वाटलं, संपलं एकदाचं.

गेल्या महिन्यात पुन्हा मुकादम आला. सगळे संडास पाडून नवे बांधायचे आहेत, निधी मंजूर झालाय, म्हणाला. सभोवती हिरवे पत्रे लावून संडास बंद केले. पाडायला मात्र अजून कुणी आलेलं नाही. आम्ही कालव्यापलीकडच्या वस्तीत जातो. तिथल्या बायकांचीच रांग भली मोठी असते. परवा एकीनं आईला सगळ्यांसमोर सुनावलं, "तुमच्या वस्तीतलं बंद पडलं म्हणून आमच्यात कशाला येता?"

आईनं भांडण केलं नाही. "तुझंही बरोबर आहे गं," म्हणाली आणि रांगेत उभीच राहिली.

घरी येताना मी म्हटलं, "पुन्हा जाऊ या कार्यालयात."

"जाऊ," आई म्हणाली. "पण तुझ्या रजा उरल्यात का?"

उरल्या नव्हत्या.