पांढऱ्या भिंतीपुढची सिंहीण

लेक कामावर गेली की आईला एकच घोर: आज ती नीट बघून आत शिरेल ना?

प्राणिसंग्रहालयातल्या पांढऱ्या सिंहांची जोडी लेकीकडे होती. लहानपणी मांजरीला घाबरून पलंगावर चढणारी ही पोर आता सिंहांचं हगणं-मुतणं काढायची आणि घरी येऊन सांगायची, "आई, तुझ्या जावयानं आज चार घास खाल्ले गं." जावई म्हणजे तो नर, जन्मापासून कमरेत अधू. "याचे आईबाप सख्खे बहीणभाऊ. रंग टिकवायचा म्हणून त्यांची जोडी लावली, त्याचं हे फळ," ती चिडायची. "तिकडे आफ्रिकेत साधे पिवळे सिंह कमी होत चाललेत, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. इथे पांढऱ्यासाठी मात्र रांगा!"

तो सिंह आजारी पडल्यापासून तिनं सुट्टी घेतली नव्हती. डोळे खोल गेले होते. ताटावर बसल्या बसल्या पेंगायची.

काल जेवताना तिनं हसत हसत सांगून टाकलं. सिंहांचं बाहेरचं आवार झाडायला जाण्याआधी दोन्ही जनावरं आतल्या पिंजऱ्यात आहेत हे डोळ्यांनी बघायचं आणि मग सोबतच्या सहकाऱ्याला ओरडून सांगायचं, "दोन्ही आत!" असा तिथला नियम. तिनं न बघताच, सवयीनं ओरडून टाकलं. आवाराचं दार उघडलं, तर नुकताच चुना दिलेल्या भिंतीला टेकून सिंहीण बसलेली.

"पांढऱ्यावर पांढरी, दिसणार कशी! लोटलं दार झटकन. ती बयाही कंटाळलेली, उठलीसुद्धा नाही."

आईनं हातातला घास ताटात ठेवला. "मामांना सांगितलंस?" त्या विभागाच्या प्रमुखांना सगळे मामाच म्हणत.

"वेड लागलंय का? ते मला तडक पोपटांकडे धाडतील. मग याला भरवणार कोण? दुसऱ्याच्या हातचं खात नाही तो. तू तोंड उघडलंस ना, तर बोलणारच नाही तुझ्याशी."

"नाही उघडत, बाई."

आज सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता लेकीला दारातच डुलकी लागली. दचकली, ओशाळं हसली, चहा अर्धा टाकून निघून गेली.

आई कप विसळत उभी राहिली. तो सिंह कदाचित उपाशी राहील. पोर महिना महिना अबोला धरेल. हट्टी आहेच, आईवरच गेलीय. धरू दे. अबोला धरायला घरी तर येईल.

तिनं हात कोरडे केले आणि मामांचा नंबर शोधायला घेतला.