किनारा, डोंगर, खोरं आणि माझा बगीचा

दोन हजार तेवीस साली, म्हणजे ज्या वर्षी मृग अख्खा कोरडा गेला, मी बाहत्तर वर्षांचा होतो. आणि त्या बाहत्तर वर्षांत माझ्या इवायाइतका आभाळाच्या कामात नाक खुपसणारा माणूस मी पाहिला नव्हता. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. राहायला अमरावतीत, राजापेठेत. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बोलणंही तसंच छापील. मी तिसरी पास. मोर्शीजवळ माझा तीनशे झाडांचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि तो माझ्या बापानं आभाळाकडे पाहून लावला, नकाशाकडे पाहून नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमचं सारं भांडण इथूनच सुरू होतं.

उन्हाळा उतरणीला लागला की रोज सकाळी सहाच्या ठोक्याला इवायाचा फोन. रामराम नाही, तब्येतीची विचारपूस नाही. एकदम सुरू: "किनारा, वारा जोरात, ढग कमी. डोंगर, धुकं नाही. खोरं, कोरडं." ही माहिती येते कुठून? तर किनाऱ्यावर, रत्नागिरीकडे, एक खाणावळवाला आहे. वीस वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन त्याच्याकडे जेवले, तेवढी ओळख. डोंगर म्हणजे चिखलदऱ्याचा एक चहावाला. आणि खोरं म्हणजे बाळापूरची त्यांची थोरली बहीण. ती अंगणात लुगडं वाळत घालते आणि ते कोणीकडे फडफडलं ते भावाला कळवते. या तिघांना झोपेतून उठवून हे गृहस्थ साऱ्या महाराष्ट्राचा अंदाज बांधतात, आणि त्यात मोर्शीचं नाव नाही! मी चिडून म्हणायचो, "इवाई, माह्या बगीच्याचं सांगा ना. किनाऱ्यावर मले काय मासोया पकडाच्या हायेत?"

"तुमचा बगीचा खोऱ्यात येतो," ते शांतपणे म्हणायचे.

"माहा बगीचा माह्यात येते! आन् बायापूरच्या लुगड्यावरून मोर्शीचं काय समजते?" असं म्हणून मी फोन खाटेवर आपटायचो. दुसऱ्या दिवशी सहाला तो पुन्हा वाजायचा.

त्यांच्या घरी जावं तर घाम पुसायची सोय नाही. बाहेरच्या खोलीत उष्णतामापक टांगलेला. कूलर लावला की आकडा बिघडतो, म्हणून भर मे महिन्यात कूलर बंद. पाहुण्यानं "लय तापलं बाप्पा" म्हटलं की लगेच, "लय म्हणजे किती? त्रेचाळीस पूर्णांक दोन." अहो, माणूस शिजून राहिला, त्याच्या पाठीला पूर्णांक कळतो का? एकदा माझ्या इहीणबाईंनी संतापून तो उष्णतामापक फ्रीजमध्ये ठेवला. इवायांनी घरभर हुडकला, सापडल्यावर आधी आकडा वाचला आणि वहीत प्रामाणिकपणे लिहिलं: 'सकाळी दहा. चार अंश. कारण घरगुती.' ती वही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आणि लेकीच्या लग्नात तर कहर केला. वावटळ येणार म्हणून मांडवाला दुप्पट दोर बांधायला लावले. आंब्याचं पान हललं नाही. पण त्या दोरांत पाय अडकून वऱ्हाडातले चार जण पडले आणि पाचवा मी. नवरीचा बाप, डोक्यावर नवा फेटा, आणि साऱ्या पाहुण्यांदेखत भुईवर आडवा! यांनी त्यावर काय म्हणावं? "वारा थोडा उत्तरेकडून गेला."

अशा माणसाचं काहून ऐकायचं, सांगा.

पण त्या वर्षी जूनमध्ये गोष्ट थट्टेची राहिली नाही. मृगाचा बहार धरायचा तर संत्र्याला उन्हाळ्यात ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं टाकतं, आणि मृगात पाणी मिळालं की तहानेनं चवताळून फुलतं. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच नाही. माझ्या बापानं विहिरीच्या पाण्यानं ताण कधी तोडला नाही, आभाळाचीच वाट पाहिली. मीही नाही तोडला. मृग लागून पाच दिवस झाले तरी आभाळ ठणठणीत. शेजाऱ्यांनी मोटारी सुरू केल्या. मला येणारा-जाणारा विचारी, मी सांगे, "आभायाचंच पाणी देईन."

सहाव्या दिवशी फोन आला नाही, इवाईच आले. एसटीनं, भर उन्हात, काखेत नकाशाची गुंडाळी आणि हातात छत्री.

"समुद्रात वादळ आहे," बगीच्यात पाय ठेवताच म्हणाले. "सारी ओल ते ओढून नेतं आहे. किनारा कोरडा, घाटावर ढग नाही, खोऱ्यात नुसता वारा. अजून दहा दिवस काही येत नाही. विहिरीचं पाणी सोडा."

"मिरूग लागला हाये, इवाई."

"मृग कॅलेंडरात लागला आहे. ढगात नाही."

"तुमचा भूगोल पाचवीच्या पोट्ट्याइले शिकवा! माह्या झाडाइले नोका शिकवू!"

दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. हे गृहस्थ छत्री उघडून धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या, झाडाखाली उकिडवे बसले आणि गळणारी पानं मोजू लागले. दहा-दहाचे ढीग, वर्गात पोरं बसवावीत तसे रांगेनं. दुपार ढळल्यावर म्हणाले, "एवढ्या वेळात दोनशे दहा पानं टाकली."

"टाकू द्या. त्याचीच हायेत."

असं म्हणालो खरा, पण त्या झाडाची एक काडी मी बोटांत धरून वाकवली. ती वाकली नाही, कट्‌ करून मोडली. जीव असलेली काडी वाकते, हे मला कोणत्या भूगोलानं शिकवलेलं नव्हतं. इवायांनी तो आवाज ऐकला. छत्री मिटत हळूच म्हणाले, "इतकी वर्षं अंदाज सांगतो आहे. आजवर माझ्या सांगण्यावरून कोणी दोरीवरचा एक कपडासुद्धा आत घेतला नाही. माझंही बरंच चुकलं, तुमचा फेटा मला आठवतो. पण हा खरा आहे. एवढा एक घ्या."

मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून मोर्शीच्या स्टँडवर सोडलं. गाडीत बसताना त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजले, सव्वासहा झाले, फोन वाजला नाही. मी खाटेवर बसून त्याच्याकडे पाहत राहिलो. मग उठलो, विहिरीवर गेलो आणि मोटार सुरू केली. इवायाचं ऐकून नाही, झाडं माझी होती म्हणून. पाणी धुऱ्याजवळच्या त्या झाडाच्या आळ्यात शिरलं. दहा-दहाचे ढीग तसेच होते. ते एकेक करून तरंगले आणि रांग मोडून फिरू लागले. तिथंच उभं राहून मी जन्मात पहिल्यांदा आपण होऊन इवायाला फोन लावला.

"किनाऱ्याचं मले माईत नाई," मी म्हणालो. "डोंगराचंबी माईत नाई. मोर्शी, आभाय कोरडं. बुडाशी ओल."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं.

"सावकाश सांगा, इवाई," ते म्हणाले. "लिहून राहिलो."