नदीकाठचे पुसलेले नंबर

ती घटना आठवली नाही अशी एकही आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, माझ्या नोकरीत गेली नाही, आणि पेन्शन घेतल्यावरही नाही. आधीच सांगून टाकतो. त्या प्रकरणात चूक माझी होती. तपास चुकला, चुकल्याचे मला कळले, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो. तपास कोणत्याही फौजदाराचा चुकू शकतो. गप्प बसण्याचे तसे नाही. ते मी जाणूनबुजून केले.

हे आज लिहिण्याचे कारण एक छोटे पुस्तक आहे. आमच्या शहराच्या म्युनिसिपालिटीने आपल्या घरबांधणी कमिटीचा इतिहास छापला. प्लेगच्या साथीत लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले तिथपासून तो सुरू होतो. पुढे सफाई कामगारांसाठी बांधलेली खोल्यांची पहिली रांग येते, आणि मग कमिटीचे सर्वांत मोठे काम, म्हणजे नदीकाठची वस्ती उठवून तिथल्या लोकांना उंचावरच्या नव्या चाळींत दिलेल्या खोल्या. पुस्तक चांगले आहे. मात्र त्यात एका पानावर लिहिले आहे की, एका लबाड गवंड्याने घरांवरचे नंबर पुसून वाटपात गोंधळ घालण्याचा डाव टाकला होता आणि पोलिसांनी तो वेळीच उघडकीस आणला. ते पोलीस म्हणजे मी. गवंडी लबाड नव्हता. शहराचे आणि माणसांचे नाव मी घालत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

नदीला पूर आला की त्या वस्तीत कमरेएवढे पाणी शिरे. म्हणून पावसाळ्यापूर्वी सर्वांना हलवायचे ठरले होते. होळीच्या सुमारास कमिटीचा कारकून डबाभर गेरू घेऊन वस्तीत फिरला. प्रत्येक घराच्या दाराशेजारी भिंतीवर त्याने नंबर घातला आणि वहीत त्या नंबरापुढे कर्त्या माणसाचे नाव लिहिले. भिंतीवर नंबर आणि वहीत नाव, असे दोन्ही असेल त्याचीच खोल्यांच्या सोडतीत चिठ्ठी टाकायची, असा नियम होता. नियम बरोबर होता. फुकट खोली मिळणार ही बातमी पसरताच वस्तीत रातोरात नव्या झोपड्या उठू लागल्या होत्या.

आखाजी होऊन आठवडा झाला आणि ओव्हरसियर पडताळणीला गेला. बावीस घरांवरचे नंबर नाहीसे झालेले. नवे कोणते आणि जुने कोणते हे कळेना. एकसारख्या नावांमुळे एकाच नंबरावर तीन-तीन माणसे हक्क सांगू लागली. चिठ्ठ्या शनिवारी टाकायच्या होत्या. सोमवारी कमिटीची लेखी फिर्याद माझ्या टेबलावर आली.

मंगळवारी खबर मिळाली. वस्तीच्या तोंडाशी पानाचे दुकान चालवणारा एक माणूस ठाण्यावर आला. बसायला सांगितले तरी बसला नाही.

"फौजदारसाहेब, गवंडी चार दिवस कुंचला घेऊन घरोघर फिरत होता. मी डोळ्यांनी पाहिलं."

"कशासाठी?"

"ते तुम्ही काढा. त्याच्या बहिणीचा नवरा शिरपूरहून येऊन बसलाय. यादीत त्याचं नाव नाही. नंबर गेले की पुन्हा मोजणी, आणि पुन्हा मोजणी झाली की मेहुण्याला खोली. मी काही बोललो नाही, पान खायला आलो होतो म्हणा."

"पानवाल्यानं ठाण्यावर पान खायला यावं म्हणजे नवल आहे," आमचे जमादार म्हणाले. जमादार तिथलेच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना तो माणूस आवडला नाही. मला आवडला, कारण त्याच्या खबरीत माणूस, हत्यार आणि हेतू असे सगळे तयार होते. खबरी सहसा निव्वळ खोटे बोलत नाही. त्याने जे पाहिले ते खरेच असते. त्याचा अर्थ तो स्वतःचा लावतो, आणि आळशी अधिकारी तोच अर्थ डायरीत उतरवतो.

बुधवारी सकाळी मी गवंड्याला उचलले. तो नव्या चाळीच्याच बांधकामावर होता. त्याच्याच हातच्या भिंतीपुढे आम्ही त्याला बेड्या घातल्या. कुंचला मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि भर बाजारातून त्याला चालवत आणले. जवळचा रस्ता होता. लोकांनी पाहावे म्हणून मी लांबचा घेतला.

चौकशीत त्याने काहीच लपवले नाही.

"पोतारा दिधा, साहेब. बठ्ठास्ले दिधा. मन्हाकडे शिडी शे, कुंचला शे. आयाबाया म्हन्यात, आम्हनी भित बी करी दे. करी दिधी."

पोतारा म्हणजे पांढऱ्या मातीचा हात, आणि तो त्याने सगळ्यांनाच दिला होता. आखाजीला खानदेशात भिंती पोतारतात हे मला ठाऊक होते. मी विचारले, "जे घर महिन्याभरात पाडायचं आहे, ते कोण पोतारतं?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते हेच त्याला कळत नव्हते. मी त्याच्या गप्प राहण्याला कबुली समजलो. मेहुणा शिरपूरहून आला आहे का, विचारले. आला आहे, म्हणाला. बायकोला न्यायला. मला तेवढे पुरले. मॅजिस्ट्रेटसमोर उभे करून सोमवारपर्यंत रिमांड घेतली. संध्याकाळी डी.एस.पी. साहेबांनी शाबासकी दिली. कमिटीने वहीतून गवंड्याचे नाव कापले.

शुक्रवारी सकाळी जमादार आत आले.

"साहेब, बाहेर एक म्हातारी गुन्हा कबूल करायला आली आहे. अशी माणसं रोज येऊ लागली तर आपल्याला काम उरायचं नाही."

ती गवंड्याची आई. फडक्यात भाकरी बांधून आणली होती. दोन दिवस ती ठाण्याच्या पायरीवर बसून होती, आणि मी तिच्या शेजारून चार वेळा गेलो असेन. मी तिला आत बोलावले, बसायला सांगितले.

"नंबर मी पुसा," ती म्हणाली. "पहिली भित मी पोतारी. मंग शेजारनीस्नी पोऱ्याले बलायं. मन्हा पोऱ्याले सोडी दे, भाऊ. माले ठेव."

"अक्का, घर पाडणार हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत व्हतं."

"मग पोतारलं कशाला?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी अगदीच अडाणी आहे.

"आंडेर येनार व्हती. वरीसमा एकदाव माहेरले येस. घर पाडनार शेतस म्हनीसन तिले मळकट घरमा बसाडू का?"

"आणि भिंतीवरचा नंबर?"

"आम्हनं घर बठ्ठा गावले माहीत शे. त्याले नंबर कसाले?"

तिने माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. घर पडणार असले तरी आंडेर, म्हणजे लेक, माहेरी येते, आणि ज्या घरात लेक येते त्या घराची भिंत पांढरी हवी. ज्या गावात मी सहा वर्षे फौजदारकी केली, तिथली ही साधी गोष्ट पाडकामाच्या तारखेपुढे मला सुचली नव्हती.

जमादारांना घेऊन मी वस्तीत गेलो. म्हातारीच्या दाराशेजारची भिंत मी किल्लीने खरवडली. पांढऱ्या मातीखाली गेरूचा आकडा जसाच्या तसा होता. नंबर पुसलेच गेले नव्हते. झाकले गेले होते. मग बावीसही घरे फिरलो आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला: आखाजीला लेक आली होती का? बावीसही ठिकाणी आली होती. ज्या घरांचे नंबर शाबूत होते, तिथे लेक नव्हती किंवा लहान होती. एका घरी लेक होती, पण ती आदल्या वर्षी बाळंतपणात गेली होती. ती भिंत तशीच होती आणि तिच्यावरचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. बाप दारात बसला होता. त्याची हकीकत मला शेजारणीने सांगितली.

यापेक्षा स्वच्छ पुरावा मला नोकरीत क्वचितच मिळाला. दुपारी बारा वाजता प्रकरण सुटले होते.

परत येताना जमादार म्हणाले, "आजच कोर्टात अर्ज टाकू. संध्याकाळपर्यंत सुटेल."

"सोमवारी रिमांड संपतेच आहे," मी म्हणालो.

"सोमवारी माणूस सुटेल, साहेब. चिठ्ठ्या उद्या आहेत."

हे मलाही कळत होते. त्याच वेळी डोळ्यांपुढे साहेबांची शाबासकी होती, भर बाजारातून काढलेली धिंड होती. एक भिंत न खरवडता मी माणूस आत टाकला होता, आणि ते चोवीस तासांत साऱ्या गावाला सांगावे लागणार होते. मी जमादारांना म्हणालो, "डायरी मी सांगतो तशी लिहा. म्हातारीचा जबाब त्यात नको." त्यांनी लिहिली. त्या दिवसापासून माझी बदली होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतेच बोलले.

याहून वाईट पुढेच आहे. पोतारा खरवडला की नंबर सापडतात, हे मी ओव्हरसियरला लगेच कळवले. बाकीच्या एकवीस घरांचे नंबर उघडे झाले, नव्या झोपड्या बाजूला पडल्या आणि शनिवारी चिठ्ठ्या सुरळीत निघाल्या. कमिटीने माझे आभार मानले. गवंड्याबद्दल मी एक अक्षरही उच्चारले नाही. त्यानेच नंबर झाकले आणि पोलिसांनी शोधले, असा अर्थ लोकांनी लावला. मी तो लावू दिला. पुस्तकातले ते वाक्य तिथून आले आहे.

म्हातारी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पायरीवर होती. जाता जाता मला म्हणाली, "मन्हामुळे झायं ना, भाऊ?" माझ्या एका शब्दाने तिचे ओझे उतरले असते. मी म्हणालो, "पाहू."

सोमवारी पुराव्याअभावी गवंड्याला सोडले. खोल्या संपल्या होत्या. पाडकाम सुरू झाले तेव्हा त्याने आपल्या घराचे वासे स्वतः उतरवले, बैलगाडीत घातले आणि आईला घेऊन बहिणीकडे शिरपूरला गेला. लेकीच्या घरी कायमचे राहणे म्हणजे काय, हे इथल्या बाईला विचारावे. ज्या चाळीच्या भिंती त्याने उभ्या केल्या, तिच्या एका खोलीत दुसरे कुटुंब राहायला गेले. त्यांचाही काही दोष नव्हता.

या प्रकरणाने मला काय शिकवले? संशयिताचे उत्तर वेड्यासारखे वाटले, तर आधी आपला प्रश्न तपासावा. हे मी पुढे कटाक्षाने पाळले आणि त्यामुळे निदान तीन निरपराध माणसे माझ्या कोठडीत आली नाहीत. नवीन फौजदारांना मी सांगत असे की पंचनामा करताना भिंतीला हात लावा, नुसते पाहू नका. हे सारे उपयोगाचे आहे. पण खरा धडा तो नव्हे. पुरावा सापडला त्या क्षणी अधिकाऱ्याची परीक्षा संपत नाही, तिथून ती सुरू होते. मी त्या परीक्षेत नापास झालो. नंतरच्या कोणत्याही यशाने तो निकाल बदलत नाही.

पुस्तक वाचल्यावर मी कमिटीच्या कचेरीत जाऊन सही करून लेखी जबाब दिला. पुढच्या आवृत्तीत वाक्य बदलू, असे त्यांनी सांगितले. मग शिरपूरची मोटार पकडली.

घर सापडायला वेळ लागला नाही. गवंडी ओट्यावर भिंतीची सरळ रेघ पाहायचा दोरीचा ओळंबा गुंडाळत बसला होता. केस पिकलेले. त्याने मला ओळखले आणि उठून उभा राहिला, जसा पोलिसापुढे राहतात तसा. मला ते सहन झाले नाही. मी त्याला बसायला सांगितले. म्हातारी आत खाटेवर होती. तिला आता फारसे दिसत नव्हते.

"कोन शे?"

"फौजदार शे, माय," गवंडी म्हणाला. "तोच."

ती उठून बसली. "आते काय झायं?"

"काही झालं नाही, अक्का. मी सांगायला आलोय. त्या वेळी तुमच्यामुळे काही झालं नव्हतं."

तिने आवाजाच्या रोखाने तोंड वळवले. मग म्हणाली, "तवयपाईन मी भितले हात लाया नही. आंडेर म्हनस, माय, तुन्हा हातना पोतारा चांगला व्हता. मी म्हनस, नको." इतकी वर्षे, आखाजीला सगळे घर पोतारले जाई आणि ही बाई हात मांडीवर ठेवून बसून राही.

"तुले कवय समजनं, साहेब?" गवंड्याने विचारले.

मी प्रवासभर या प्रश्नाचे एक सोपे उत्तर तयार केले होते. ते दिले नाही.

"शुक्रवारी. चिठ्ठ्यांच्या आदल्या दिवशी, दुपारी बारा वाजता."

त्याने हातातला ओळंबा खाली ठेवला. "म्हंजे खोली भेटनार व्हती."

"हो. तुझं नाव वहीत परत आलं असतं. मी बोललो नाही, कारण माझी लाज जाईल असं वाटलं."

ओट्यावर शेजारचे दोघे-तिघे येऊन उभे होते. त्यांना कुणी जा म्हणाले नाही आणि मीही म्हणालो नाही. मी आत गेलो, खाटेशेजारी जमिनीवर बसलो आणि म्हातारीच्या पायांवर डोके ठेवले. मग सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "अक्का, तुमचा मुलगा निर्दोष होता आणि मला ते ठाऊक होतं. तुमचं घर मी घालवलं. मला माफ करा."