बरणीतली जास्तीची शेंग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: आमच्या कामरगावच्या घरातला सर्वांत मोठा गुन्हा शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाने केला आहे, आणि तो भुईमुगाच्या शेंगांचा आहे. तो माणूस मी.

माझा मोठा भाऊ शेती करतो. त्याला आम्ही सगळे भाऊच म्हणतो. सगळं गाव क्रिकेट पाहतं. भाऊ पाहतो कारंज्याच्या कॉलेजची फुटबॉल टीम. कारण त्याचा सुमित तिथे होस्टेलला राहून शिकत होता आणि टीमचा गोलकीपर होता. (बाकावरचा.) पहिल्या वर्षी भाऊने हंगामातल्या पहिल्या सामन्याची तारीख गावभर सांगितली आणि पोरगा नव्वद मिनिटं पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला. नजर लागली! तेव्हापासून घरात कायदा झाला: तारीख तोंडातून काढायची नाही, आणि सामना होईपर्यंत सुमितला फोन करायचा नाही.

मग दिवस मोजायचे कसे? तर काचेच्या बरणीत, दिवसाला एक अशा भाजलेल्या शेंगा. रोज सकाळी चहाआधी भाऊ एक शेंग खाणार. शेवटची खाल्ली, त्याच दिवशी सामना. पोराकडून तारीख एकट्यानेच ऐकायची, शेंगा मोजायच्या आणि तारीख मुद्दाम विसरायची, ही भाऊची पद्धत.

सुमितला मैदानात उतरायला जागा मिळाली ती तिसऱ्या, शेवटच्या वर्षी. हरणारी टीम त्याच दिवशी बाद, त्यामुळे हा सामना कदाचित एकुलता एक. भाऊने पिवळा दुपट्टा आणला, पोराला म्हणाला, "फाटकापाशी उभा राहून हालवतो. गोलातून दिसन तुले." बरणीत एकवीस शेंगा पडल्या. त्यानंतर भाऊ भेटेल त्याला, बैल तपासायला आलेल्या डॉक्टरलासुद्धा, "चौदा राह्यल्या", "तेरा राह्यल्या" असं सांगत सुटला. डॉक्टर बिचारा बैलाकडे काळजीने पाहायला लागला.

आणि एका दुपारी शाळेतून आल्यावर, पेपर वाचता वाचता, माझा हात बरणीत गेला.

दोन शेंगा. टरफलं मांडीवर दिसली तेव्हा कळलं. वहिनीच्या बांगड्या वाजल्या, मी धावत भाजलेल्या शेंगांच्या पोत्याकडे गेलो आणि दोन शेंगा काढल्या. पण खाल्लेल्या शेंगा चांगल्या तीनदाणी होत्या, पोत्यातल्या मात्र दोनदाणी. सहा दाण्यांच्या बदल्यात चार? गणिताच्या मास्तराला हे पटेना. मी आणखी एक शेंग टाकली. दाण्याला दाणा. समाधानाने पेपर उचलला.

शेवटची शेंग खाऊन भाऊ निघाला. सोबत मी, वहिनी आणि अख्ख्या टीमला पुरतील एवढ्या पुऱ्या. जीपमध्ये भाऊने दुपट्टा चार वेळा हालवून पाहिला. तिसऱ्या वेळी तो ड्रायव्हरच्या तोंडावर बसला.

मैदानावर एक माणूस एकटाच जाळी गुंडाळत होता.

"सामना किती वाजता हाय जी?" भाऊने विचारलं.

"कालच झाला न. दोन-एकनं हारले आपले. गोलकीपर पोट्टा लय चांगला खेळला, पण सारखा फाटकाकडं पाहे. दुसरा गोल तं तेच्यातच खाल्ला."

पुऱ्यांचा डबा माझ्या हातात होता. मी उभ्या उभ्या हिशोब केला. सहा दाणे बरोबर होते. दिवस मात्र दाण्यांनी मोजत नाहीत.

होस्टेलवर सुमितने बापाच्या हातातल्या दुपट्ट्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "बाबा, मले वाटलं तुमी फाटकाच्या मांगं असान."

भाऊ दुपट्ट्याची घडी करत राहिला. म्हणाला, "माह्यंच मोजणं चुकलं रे. आता नाई भरोसा माह्या मोजण्याचा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पुऱ्या वाटल्या.

त्याला चार वर्षं झाली. सुमित पुण्यात नोकरीला आहे. टीममध्ये आमचं कोणीच नाही. तरी भाऊ दर हंगामाला बरणी भरतो, आणि चूक नको म्हणून एक दिवस आधीच कारंज्याला जाऊन रिकाम्या मैदानाच्या फाटकापाशी बसतो. दुपट्टा मांडीवर असतो. मीही शेजारी बसतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जातो. खेळ सुरू झाला की भाऊ चेंडूकडे पाहत नाही, गोलकीपरकडे पाहतो.

आज सकाळी त्याने बरणी माझ्यापुढे धरली. "मास्तर, मोज बरं. तुह्यं गणित पक्कं हाय."

मी दोनदा मोजल्या. नऊ. सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर भाऊला वाटलं मला शेंग हवी आहे. पोत्यातली मूठभर काढून त्याने पुढे केली. मी नको म्हणालो. चार वर्षांत मी शेंगदाणा खाल्लेला नाही. घरी वाटतं, मला पित्त आहे.

शेंगांचाच हिशोब केला तर मी दोन खाल्ल्या आणि तीन टाकल्या, म्हणजे भाऊकडेच माझी एक शेंग निघते. त्याचा एक सामना मी देणं लागतो.